रकाने मोडा, मग पुस्तकं घ्या


गेल्या महिन्यात वस्तीतल्या वाचनालयासाठी पुस्तकांची यादी करायला बसलो. वर्गणीचे पैसे थोडेच. एका पोरानं वहीवर चार रकाने पाडले. प्रवास, निर्मिती, अस्मिता, स्त्रिया. प्रवासाखाली लंडन-पॅरिस. निर्मितीखाली लेखनकलेचं कुठलंसं पुस्तक. अस्मितेखाली 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या'. आणि शेवटच्या रकान्यात आपल्या बायांची आत्मकथनं एकगठ्ठा कोंबून पोरगं मोकळं झालं. मी म्हटलं, गड्या, हे रकाने मोड. का मोडायचे, तेवढं सांगायला हे टिपण.

आधी प्रवास. पांढरपेशांचं प्रवासवर्णन म्हणजे विमानाचं तिकीट, हॉटेलातली खोली आणि परतल्यावर कौतुक करायला जमलेली मित्रमंडळी. त्या वाटेवर कुणी जात विचारत नाही. आपल्याकडं अण्णा भाऊ साठे आहेत. वाटेगावाहून मुंबईची वाट लहानपणी घरच्यांबरोबर पायी तुडवलेला हा माणूस १९६१ साली रशियाला गेला आणि त्यानं 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. ते पुस्तक यादीत पहिलं घ्या. पण त्याच्या शेजारी उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) ठेवा. म्हणाल, ते तर आत्मकथन. असू दे. उघडून बघा. सुरुवातच चालण्यानं होते. फणसवळ्याच्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेनं रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्यात. ऊन, चढ, भूक, थट्टामस्करी, सगळं त्या वाटेवर आहे. ते प्रवासवर्णन नाही तर काय आहे? पायात चप्पल नाही म्हणून नाही म्हणायचं का?

आणि ज्यांना चालूच दिलं नाही त्यांचं काय? बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचा. आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. सासुरवास सोसवेना म्हणून पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवायचे, हे त्यात लिहिलंय. हा खोडा वाड्यातल्या पाटलानं घातलेला नाही. महारवाड्यात, आपल्याच माणसांनी, आपल्याच लेकीबाळींच्या पायात घातलाय. ते पान मी दोनदा बंद केलं. तिसऱ्यांदा वाचलं. तुम्हीही वाचा. गावकुसाबाहेरच्या जुलमावर आपण गळा फाडून बोलतो. त्या पानावर आपली जीभ टाळ्याला चिकटते.

आता निर्मिती. समीक्षक म्हणतात, निर्मितीला एकांत लागतो, स्फूर्ती लागते. फलटणला बेबीताईंचं छोटंसं दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची, त्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. आणि लिहायच्या लपून. नवऱ्याला, पोराला कळू नये म्हणून लिहिलेलं वर्षानुवर्षं दडवून ठेवलं. उर्मिलाताईंची आई बांबूची आयदानं विणायची. आईचं ते विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं त्यांनी स्वतःच जोडलंय, पुस्तकाचं नावही तेच. लेखनकलेच्या पुस्तकात हे सापडायचं नाही. तो पैसा वाचवा.

अस्मितेचं म्हणाल तर कुमुदताई पावडेंचं 'अंतःस्फोट' (१९८१) घ्या. नागपूरची दलित मुलगी संस्कृत शिकते, एम. ए. होते, तरी नोकरीसाठी दारोदार. आंतरजातीय लग्न होतं, सोमकुवरची पावडे होते आणि नोकरी मिळते. कुमुदताई त्या यशाचा हार गळ्यात घालून घेत नाहीत. हे यश कुणाचं, माझं की माझ्या नव्या आडनावाचं, असा सवाल त्या करतात. आरक्षणावर, गुणवत्तेवर भाषणं ठोकण्याआधी हा सवाल पाठ करा. आणि शांताबाई कांबळेंचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६). मास्तरीण होऊन पोरं शिकवलेल्या बाईनं पुस्तकाच्या नावात 'जन्म' लिहिलं नाही, 'जल्म' लिहिलं. शुद्धलेखन त्यांना येत होतं. त्यांनी आपली बोली निवडली.

सगळं गोडगोडच सांगत नाही. 'जिणं आमुचं'मध्ये 'आमुचं' फार आणि 'माझं' कमी. बेबीताईंनी नवऱ्याचा मार मुलाखतीत सांगितला, पुस्तकात नाही. समाजाचं लिहायचं होतं म्हणून स्वतःचं बाजूला ठेवलं. ही उणीव म्हणायची की आपण त्यांना मोजायला लावलेली किंमत? 'आयदान'चा उत्तरार्ध मला पहिल्या वाचनात सभा-संमेलनांची नोंदवही वाटला होता. मग ध्यानात आलं, पुरुष कार्यकर्त्याच्या आत्मकथनात सभांची यादी आली की आपण तिला चळवळीचा इतिहास म्हणतो. बाईनं लिहिली की कंटाळतो. शिकायला निघालेल्या बाईला घरातूनच कसा विरोध होतो, तेही उर्मिलाताईंनी आपल्याच संसाराचं उदाहरण देऊन लिहिलंय. असं लिहायला काय लागतं ते आपल्याला सभेत बोलून कळणार नाही.

शेवटचं पुस्तक, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९). आंबेडकरी चळवळीतल्या बायांना भेटून, बोलतं करून उभं केलेलं काम. १९४२ च्या जुलैत नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिलांची परिषद झाली, हजारो बाया आल्या. त्यातल्या किती जणींची नावं तुम्हाला सांगता येतील? मला येत नव्हती. पंचवीस वर्षं चळवळीत आहे मी.

'जिणं आमुचं' संपवलं त्या रात्री बायकोला सहज विचारलं, 'तू काही लिहितेस का गं?' ती हसली. म्हणाली, 'लिहीन की. पण तुमची मीटिंग अकराला सुटते, तोवर चहा कोण ठेवणार?'
माझ्याकडं उत्तर नव्हतं. खोडा लाकडाचाच असतो असं नाही, कपबशीचाही असतो.

तर पोरांनो, यादी अशी. ही सहा पुस्तकं आधी आणा. 'स्त्रिया' असा वेगळा रकाना ठेवू नका, एकाच फळीवर सगळी लावा. दर रविवारी एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं, बायामाणसं समोर बसलेली असताना. आणि त्या दिवशीचा चहा आपण करायचा. पहिल्या रविवारी स्टोव्ह मी पेटवतो.
जयभीम.