विषय मिळाला, पण प्रश्न कुठे आहे?

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही फक्त एक ओळ घेऊन आलो आहोत. तिला वाक्यही म्हणता येत नाही, कारण तिच्यात क्रियापद नाही. 'अमुक अमुक यांच्या कथात्मक साहित्याचा चिकित्सक अभ्यास.' मराठीत एम.ए. करून पीएच.डी.च्या वाटेला लागलेले जे इथे बसलेत, त्यांनी ही ओळ पाहिली आहे. काहींनी ती परवाच आपल्या आराखड्यावर टाईप केली असेल. कवितेची समीक्षा करतो तशी आज या ओळीची करून बघू या.

'अमुक अमुक'च्या जागी लेखक येतो. तो कसा ठरतो? आपल्या जिल्ह्यातला असला तर बरं, म्हणजे पुस्तकं मिळतात. हयात असला तर आणखी बरं, मुलाखत घेता येते, ती परिशिष्टात टाकता येते. मग शोधगंगेवर नाव टाकून पाहायचं. काही सापडलं नाही की जीव भांड्यात पडतो : यांच्यावर अजून काम झालेलं नाही! पण एखाद्या विहिरीत कुणी उतरलं नाही, एवढ्यावरून तिला पाणी आहे असं कसं म्हणणार? 'कथात्मक' हा शब्द पानांच्या सोयीसाठी असतो, कथा आणि कादंबरी दोन्ही त्यात मावतात. आणि 'चिकित्सक' हा तर बिचारा शब्द. चिकित्सा करायची तर आधी काहीतरी दुखत असलं पाहिजे ना?

या ओळीखाली प्रकरणं आपोआप लागतात. लेखकाचं जीवन आणि व्यक्तिमत्त्व, वाङ्मयप्रकाराचं स्वरूप, आशय, अभिव्यक्ती, निष्कर्ष. लेखक बदला, प्रकरणं तीच राहतील. पण आमचा खरा आक्षेप गृहीतकावर आहे. 'प्रस्तुत लेखकाच्या साहित्यात ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण आढळते.' आता हे गृहीतक खोटं ठरेल तरी कसं? चार वर्षं खपून शेवटी 'आढळत नाही' असं लिहिणारा संशोधक आम्ही पाहिलेला नाही. जे हरूच शकत नाही ते गृहीतक नव्हे. तो त्या लेखकाचा सत्कार झाला.

मध्यंतरी एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली होती. पेट पास झालेली, कोर्सवर्क चालू. म्हणाली, "सर, विषय मंजूर झालाय, पण तो माझा वाटतच नाही. बदलू का?" आम्ही विचारलं, कुणाचा वाटतो? म्हणाली, "सरांच्या यादीतला."

इथे विद्यार्थ्याला धारेवर धरणं सोपं आहे, आणि ते आम्ही करणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी चार विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे आधी जागा शोधायची, जागेबरोबर गाईड येतो, गाईडबरोबर यादी येते. मुदत साधारण सहा वर्षांची. त्यात तासिका तत्त्वावरची नोकरी, घरच्यांचं 'लग्नाचं काय?', आणि गावातल्या ग्रंथालयात हवी ती पुस्तकं नसणं. अशा माणसाला आपण सांगायचं की अंतरीच्या ओढीने विषय निवड? आम्हाला तो सल्ला थोडा क्रूर वाटतो.

आणि विषय दुसऱ्याने दिला म्हणून काम दुय्यम होतं असंही नाही. इरावती कर्वे यांचं उदाहरण बघा. मुंबईत घुर्यांच्या हाताखाली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला, म्हणजे अगदी घरचा विषय. पुढे त्या बर्लिनला गेल्या. तिथे गाईड ऑयगन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचारांचा माणूस, पुढे नाझी राजवटीच्या कामी आलेला. विषय त्याच्या चौकटीतला : मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. हा फरक वंशाशी जोडलेला असतो, त्यात गोरे युरोपीय वेगळे आणि वरचढ ठरतात, ही त्याची धारणा. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. १९३० मध्ये पदवीही मिळवली. परक्या देशात, त्याच गाईडच्या संस्थेत बसून! विषय फिशरच्या चौकटीतला होता, उत्तर बाईंचं होतं. पण हे शक्य झालं, कारण त्या विषयाच्या पोटात खोटं ठरू शकेल असं एक विधान होतं. 'मानवी कवटीचा चिकित्सक अभ्यास' एवढंच असतं तर मोजमापांचे तक्ते भरले असते आणि फिशरही खूश राहिला असता.

आता कुणी म्हणेल, कवटी मोजता येते, कादंबरी कशी मोजणार? ठीक. माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. सगळी कहाणी प्रमाण मराठीत सांगितलेली. आनंद यादवांची 'गोतावळा' १९७१ ची. तिथे शेतावर राबणारा नारबा स्वतःच सांगतो, त्याच्या बोलीत. या सोळा वर्षांत काय झालं? पटकन सुचणारं उत्तर असं की खेड्यातली माणसं लिहू लागली. पण हे उत्तर लगेच पडतं, कारण माडगूळकरही खेड्यातलेच, माडगुळ्याचे. बरं, मग 'बनगरवाडी'चा निवेदक शाळामास्तर आहे, तो प्रमाण भाषेत बोलणारच, असं म्हणू. पण सांगायला मास्तरच का निवडला? त्या वाडीत धनगर होते, कारभारी होता. त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडी कादंबरी देणं तेव्हा लेखकाला सुचलं नाही, की प्रकाशकाला आणि शहरी वाचकाला ते झेपलं नसतं? इथून पुढे जुनी मासिकं चाळावी लागतील, त्या काळातली परीक्षणं वाचावी लागतील, आणि आपला अंदाज चुकूही शकेल. शीर्षक मात्र तेव्हाही 'निवडक ग्रामीण कादंबऱ्यांचा अभ्यास' असंच ठेवता येतं. समितीला चालतं.

त्या विद्यार्थिनीला आम्ही विषय बदल असं सांगितलं नाही. त्याच लेखकाची पुस्तकं पुन्हा वाच आणि ज्याचं उत्तर तुला येत नाही असं काहीतरी घेऊन ये, एवढंच म्हटलं. दोन महिन्यांनी आली. म्हणाली, "सर, यांच्या कथांमध्ये आई घरात सारखी बोलते, पण उंबऱ्याबाहेर एकदाही तिच्या तोंडी वाक्य नाही. एकोणतीस कथा पाहिल्या. मुद्दाम केलंय का?" आम्हाला माहीत नव्हतं. गाईडना विचारलंस का, म्हटलं.

"विचारलं. ते म्हणाले, चांगलं आहे, चौथ्या प्रकरणात घाल."

मग?

"मला ते पहिल्या प्रकरणात हवंय. समितीची बैठक दिवाळीनंतर आहे."