कृष्णधवल म्हणजे जुना काळ नव्हे

लघुपट करणारी मुलं हल्ली भेटली की विचारतात, "सर, कृष्णधवल करायचाय, फिल्म कुठली घेऊ?" का करायचाय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "गोष्ट जुन्या काळातली आहे." माझी तक्रार आहे ती इथे.

आलँ रेनेचा 'नाइट अँड फॉग' घ्या. नाझी छळछावण्यांवरचा, १९५५ साली केलेला, ३२ मिनिटांचा. त्यात छावण्यांची जुनी दृश्यं कृष्णधवल आहेत आणि दहा वर्षांनंतरचं ऑशविट्झ रंगीत. वरवर पाहिलं तर "जुनं ते काळं-पांढरं" हाच नियम. पण पडद्यावर अंगावर येतो तो रंग हो! ते हिरवं गवत उगवलंय, जणू इथे काही घडलंच नाही. कृष्णधवल हा तिथे पुरावा आहे आणि रंग म्हणजे विस्मरण. ज्यांनी रेनेची नक्कल केली, त्यांनी नेमकं हेच सोडून बाकी सगळं उचललं.

क्रिस मार्करचा 'ला जेते' (१९६२) तर तिसऱ्या महायुद्धानंतरच्या पॅरिसची गोष्ट सांगतो. २८ मिनिटं, जवळजवळ सगळी स्थिरचित्रं, आणि भविष्यकाळसुद्धा कृष्णधवल. आठवण कुठली आणि आत्ताचं कुठलं, हे त्या नायकाला कळत नाही. सगळे काळ एकाच राखाडीत असल्यामुळे आपल्यालाही कळत नाही. याला मी निवड म्हणतो.

आता फिल्मचं. कोडॅकची डबल-एक्स १९५९ पासून आहे. संवेदनशीलता उन्हात २५०, टंगस्टन दिव्यांत २००. तिचा कण डोळ्यांना जाणवतो, आणि तो जाणवावा म्हणूनच ती घ्यायची. ट्राय-एक्स रिव्हर्सल घेतलीत तर प्रकाशमापनातली चूक ती पोटात घालत नाही. १६ मिलिमीटरचं १०० फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. एवढं पुरे, बाकी तुमचा छायालेखक सांगेल.

खरी अडचण पुढे आहे. लाल कुंकू आणि हिरवा चुडा या फिल्मवर एकाच राखाडी छटेत येऊ शकतात. भिंगावर लाल फिल्टर लावला तर कुंकू उजळतं, कपाळात जवळपास विरून जातं. हिरवा लावला तर ते काळं होऊन ठसठशीत उठतं. हे चित्रीकरणाआधी ठरवावं लागतं. रंगीत चित्रीकरण करून संगणकावर रंग काढला, तर हाच निर्णय नंतरही घेता येतो. सोय आहे, मी नाकारत नाही. पण झालेल्या गोष्टीची निवड कोणी करत नाही, असं ॲरिस्टॉटल सांगून गेलाय. नंतर ठरवू म्हणणारा दिग्दर्शक प्रकाशयोजना कशासाठी करतो, साडी कशासाठी निवडतो? त्याला उभं राहायला जागाच नसते.

तेव्हा फिल्मचं नाव मागाहून विचारा. तुमच्या गोष्टीतल्या त्या बाईचं कुंकू प्रेक्षकाला दिसायला हवं की नको, ते आधी सांगा.