सामरिक संस्कृती आणि मिहान

डॉ. श्रीकांत परांजपे यांची कारकीर्द पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राच्या अध्यापन-संशोधनात गेली. २०१३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी राष्ट्रीय सुरक्षाधोरणाची घडण सामरिक संस्कृतीच्या आधारे उलगडली. धोरण ही केवळ प्रसंगोपात्त प्रतिक्रिया नव्हे, हे या भूमिकेमुळे मनावर ठसते व तिचे मोल तेथेच आहे. तथापि नागपूरच्या मिहानकडे पाहता ती अपुरी पडते. २०१६ च्या राफेल करारात ३६ विमानांबरोबर निम्म्या मूल्याच्या ऑफसेटची अट होती; २०१७ मध्ये मिहानात दासो-रिलायन्सच्या कारखान्याची कोनशिला बसली. तेथे घडू लागले ते मात्र फाल्कन या मुलकी विमानाचे भाग! या परिणामाचा उलगडा संस्कृतीपेक्षा कराराच्या कलमांतून अधिक होईल, आणि ती वाचावयास अर्थशास्त्राची जोड लागते.