काळी बिअर, कालवे आणि खारपाणपट्टा

डब्लिनच्या पोर्टरहाउसची ऑयस्टर स्टाउट प्रथम चाखली, तेव्हा मला आठवली ती बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूरकडची विहीर.

ऑयस्टर म्हणजे कोकणातले कालव. एकोणिसाव्या शतकात लंडनचे गरीब लोक कालवे खात आणि सोबत काळी स्टाउट पीत. कालवे थेट बिअरमध्ये उकळण्याची कल्पना विसाव्या शतकातली. नावावर मात्र विसंबू नये. इंग्लंडच्या मार्स्टन्सच्या ऑयस्टर स्टाउटमध्ये कालवे नसत. पोर्टरहाउस ताजे कालवे घालते.

पहिल्या घोटाला खरपूस भाजलेल्या जवाचा, कॉफीसारखा कडवटपणा लागतो. मग जिभेवर मऊपणा पसरतो आणि अखेरीस पुसट खारटपणा येतो. मासळीचा वास कुठेच नाही. खारटपणा मागे राहतो म्हणून कडूपणाची धार बोथट होते. या बिअरचे यश मिठाच्या या संयमात आहे.

बिअरवरील इंग्रजी लेखनात या चवीसाठी समुद्राची आठवण काढतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला तो समुद्र परका. त्याच्या विहिरीचे पाणी खारट, मचूळ; त्याने तहान भागत नाही, डाळ नीट शिजत नाही आणि मूत्रपिंडाच्या विकाराची धास्ती घरोघरी असते.

म्हणून बिअर उत्तम, हा माझा निर्वाळा कायम ठेवूनही एक सांगावेसे वाटते: खारटपणाचे कौतुक करायला आधी घरात गोडे पाणी असावे लागते.