सासवडच्या पुढे वारा लागतो

सायकल शर्यतीचा मार्ग ही एक रचनाच असते, आणि 'पुणे ग्रँड टूर'ची रचना सावकाश वाचावी अशी आहे. १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत ४३७ किलोमीटर अंतर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची भारतातली ही पहिली टप्प्यांची शर्यत.

आरंभ शहरातच, फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्त्याच्या परिसरात. या छोट्या प्रोलॉगमध्ये खेळाडू ठरावीक अंतराने एकेकटा सुटतो. पुढे कुणाची पाठ नाही, वाऱ्याला आडोसा नाही. ज्याच्या पायात जेवढं आहे तेवढंच घड्याळात उमटतं. पात्रपरिचय म्हणून मला ही सुरुवात फार आवडते.

मग मुळशी-मावळचे चढउतार, आणि त्यानंतर 'मराठा हेरिटेज' नावाचा, किल्ल्यांच्या मुलखातला टप्पा. इथे चढ माणसं निवडतो. हलक्या अंगाचा खेळाडू पुढे सरकतो, जड मांड्यांचा वेगवान गडी मागे पडतो. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून टाळ्याही इथेच पडतात.

माझ्या मते या मार्गाचं मर्म मात्र सासवड ते बारामती या सर्वांत लांब टप्प्यात आहे. नकाशावर तो साधा वाटतो. पूर्वेकडे जाऊ तसे डोंगर मागे राहतात, मुलूख उघडा होत जातो. आपल्याकडे जानेवारीत वारा बहुधा ईशान्य-पूर्वेकडून येतो आणि ही वाट पूर्व-आग्नेयेला जाते, म्हणजे वारा समोरून डावीकडून, तिरपा. एरवी सायकलपटू पुढच्याच्या मागच्या चाकाला वीतभर अंतरावर चिकटून आडोसा घेतो. तिरप्या वाऱ्यात हा आडोसा थेट मागे न मिळता मागे उजवीकडे सरकतो, त्यामुळे रांगही रस्त्यावर तिरपी पसरते. पण रस्त्याची रुंदी संपते! उजव्या कडेला पोचलेल्याला आडोसा उरत नाही. तो पूर्ण वारा अंगावर घेत तग धरतो, आणि तो पुढच्याच्या चाकापासून सुटला की त्याच्या मागचे सगळे सुटतात. सपाटीसुद्धा घाटाइतकीच निष्ठुर होऊ शकते. सह्याद्रीच्या कुशीतून पठारावर उतरणारा पुणे जिल्हा हे दोन्ही कस लावू शकतो, आणि आखणाऱ्यांनी ते ओळखलं, याचं मनापासून कौतुक वाटतं.

एक उणीव जाणवते: एकही टप्पा चढाच्या माथ्यावर संपत नाही. आपल्या जुन्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीने बोरघाटाला मान दिला, 'घाटाचा राजा' हा किताब दिला. टूर द फ्रान्सने तर १९५२ मध्येच आल्प द्युएझ या चढाच्या माथ्यावर टप्पा संपवला. चढ संपला की उतारावर मागचे पुन्हा गाठतात. अंतिम रेषाच माथ्यावर असली तर चढणाऱ्याची कमाई त्याच्याकडेच राहते. पुढच्या आवृत्तीत एक टप्पा तरी सिंहगडाच्या वाहनतळावर संपवावा.