सारखे आकडे, वेगळे धोके

तान्ह्या बाळांना, बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच, अपस्माराचा एक गंभीर विकार होतो. बाळ एकाएकी पुढे वाकते, हात फेकते, क्षणात सैल पडते. असे झटके लागोपाठ येतात आणि पुष्कळदा बौद्धिक वाढ खुंटते. डॉ. विल्यम वेस्ट यांनी १८४१ साली स्वतःच्या मुलाच्या अशा झटक्यांचे वर्णन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले.

या विकारावरील उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष २००४ साली त्याच नियतकालिकात आले. ५५ बाळांना संप्रेरक-उपचार (प्रेडनिसोलोन किंवा कृत्रिम एसीटीएच) आणि ५२ बाळांना व्हिगाबॅट्रिन हे औषध दिले होते. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातील ७३ टक्के, तर दुसऱ्यातील ५४ टक्के बाळांचे झटके थांबलेले होते. दुष्परिणाम अनुक्रमे ५५ व ५४ टक्के बाळांत आढळले. म्हणजे धोका सारखाच? हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल.

एसीटीएच हे पियूषिका ग्रंथीचे संप्रेरक अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसोल तयार करायला लावते. प्रेडनिसोलोनचे कार्य कॉर्टिसोलसारखेच असते. मोठ्या मात्रेत रक्तदाब व साखर वाढते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, भूक वाढते, बाळ सतत किरकिरते. प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. गोवरासारख्या जिवंत लसी पुढे ढकलाव्या लागतात. शरीराची स्वतःची कॉर्टिसोलनिर्मिती मंदावते, म्हणून औषध एकदम तोडता येत नाही. तरीही यातील बहुतेक परिणाम उपचार संपल्यावर ओसरतात.

व्हिगाबॅट्रिनमुळे बाळ पेंगते, एवढे लगेच दिसते. पण दीर्घ वापराने दृष्टिक्षेत्र कायमचे आकुंचू शकते. एवढ्या लहान बाळाच्या दृष्टिक्षेत्राची नेहमीची तपासणी करता येत नाही आणि दोन आठवड्यांत ही हानी कळतही नाही. जे मोजता आले नाही, ते टक्केवारीत येणार कसे? शिवाय कोणते औषध चालू आहे हे पालकांना ठाऊक होते; किरकिर किंवा पेंग यांची नोंद त्यांच्या नजरेतूनच होणार.

संशोधकांचे श्रेय असे, की ते झटक्यांपाशी थांबले नाहीत. चौदा महिन्यांच्या वयात दोन्ही गटांतील सुमारे तीन चतुर्थांश मुले झटकेमुक्त होती. मात्र ज्यांच्या विकाराचे कारण सापडले नव्हते, अशा मुलांची वाढ संप्रेरक-गटात अधिक चांगली आढळली. काही आठवड्यांचा त्रास सोसण्याचे खरे समर्थन इथे आहे.

संप्रेरकांचा पाठ शिकवताना हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे : किती बाळांना त्रास झाला हे कळले, पण कोणता, किती दिवस आणि भरून येणारा की कायमचा, हे यातून कळते का?