हात सुटला तर काय? जायरोकॉप्टरच्या थ्रॉटलची चिकित्सा

मागच्या व्याख्यानात आपण जायरोकॉप्टर हवेत कसं टिकतं ते पाहिलं. जे आज नव्याने आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन फक्त मागचा पंखा फिरवतं आणि यंत्राला पुढे ढकलतं. वरचं मोठं पातं समोरून येणाऱ्या हवेवर आपोआप फिरतं. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी १९२३ मध्ये हे उडवून दाखवलं, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे.

आजचा विषय छोटा वाटेल: एका माणसाच्या जायरोला थ्रॉटल, म्हणजे आपल्या बोलीत रेस, कुठे आणि कशी बसवायची? यावर सर्रास मिळणारा सल्ला असा, की हाताला जे सवयीचं असेल ते लावा. आमचं भांडण नेमकं या सल्ल्याशी आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हाताला कोणती रेस सवयीची आहे? एक मोटरसायकलची मूठ. ती सोडली की स्प्रिंगने परत येते. दुसरी ट्रॅक्टरची हाताची रेस. ती ठेवली तिथेच राहते. पण ट्रॅक्टरचा तो दांडा थेट ताकद ठरवत नाही. तो गव्हर्नरला सांगतो, एवढे फेरे ठेव. नांगर जड जमिनीत रुतला की गव्हर्नर स्वतःच डिझेल वाढवतो. जायरोच्या पेट्रोल इंजिनाला असा राखणदार नसतो. तिथे दांडा जेवढा, हवेची वाट तेवढीच उघडी. म्हणजे दिसायला सारखा असला तरी ट्रॅक्टरचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता मूठ घ्या. ती स्टिकवर बसवली की उजव्या हाताला दोन कामं: स्टिक हलकेच धरायची आणि मूठ पिळायची. पिळताना स्टिक हलते, यंत्र मान डोलावतं, चालक ते सावरायला उलट हलवतो, आणि हेलकावे वाढत जातात. जायरोत हे हेलकावे जीवघेणे ठरलेले आहेत. पंख्याचा जोर गुरुत्वमध्याच्या वरून जात असेल आणि पात्यावरचा भार क्षणभर सुटला, तर तोच जोर नाक खाली दाबून यंत्र उलटवू शकतो. त्या क्षणी स्टिक न झटकता रेस कमी करावी लागते. ज्या हाताने स्टिक शांत ठेवायची, त्यालाच पिळायला लावणं ही रचनेचीच चूक आहे.

पायाची रेस? दोन्ही पाय रडरवर असतात. रेस बदलली की पंख्याच्या वाऱ्याचा जोर बदलतो आणि रडर सावरावा लागतो. म्हणजे पायांना नेमकं त्याच वेळी काम असतं.

उरला डाव्या हाताचा दांडा, पुढे ढकलला की ताकद जास्त. आमचा कौल त्याला. पण त्याचंही कौतुक बेताने करू. तो जागेवर राहतो तो फक्त घर्षणाच्या नटामुळे. थरथरीने नट सैल झाला की कार्ब्युरेटरची स्प्रिंग दांडा आपल्या बाजूला ओढते.

ती बाजू कोणती? खरा प्रश्न इथे आहे. रोटॅक्स ५०३ किंवा ५८२ या टू-स्ट्रोक इंजिनांत केबल तुटली की स्प्रिंग रेस बंद करते. रोटॅक्स ९१२ मध्ये उलट: स्प्रिंग रेस पूर्ण उघडते. हवेत पूर्ण रेस मिळणं एका अर्थी बरं. उंची मिळते, जागा निवडता येते, मग इग्निशन बंद करून उतरता येतं, कारण जायरो इंजिनाशिवायही उतरवता येतो. जमिनीवर मात्र तेच यंत्र अचानक धावत सुटतं. शिवाय ९१२ ला दोन कार्ब्युरेटर असतात. एकाचीच केबल तुटली तर एक बाजू पूर्ण जोरात, दुसरी मंद, आणि इंजिन प्रचंड थरथरतं. म्हणून इग्निशनचं बटण डाव्या हाताच्या सहज टप्प्यात हवं. ते नसेल तर दांडा कितीही देखणा असो, मांडणी अपुरी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. ४० अंशांच्या दुपारी इथली हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आणि पात्याला आपण सुमारे १७०० मीटरवर असल्यासारखं वाटतं. ताकद आधीच कमी. त्यात केबलच्या ढिलाईमुळे दांडा टोकाला पोचला आणि कार्ब्युरेटर अजून पूर्ण उघडलाच नाही, तर उरलीसुरली ताकदही हातची गेली. आधी कार्ब्युरेटर आपल्या थांब्याला टेकला पाहिजे, मग दांडा.

हे सगळं कीस काढणं वाटेल. पण ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एक तरुण कारागीर स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर तपासताना पात्याच्या आघाताने गेला. ते यंत्र वेगळं, कारण वेगळं. त्याच्या जिद्दीवर बोट ठेवायचा आम्हाला अधिकार नाही. पण आपल्या गावांत हात कुशल आहेत आणि ‘हे तुटलं तर काय?’ असं शेजारी उभं राहून विचारणारं कुणी नाही, ही उणीव आपली सगळ्यांची आहे. महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय असं यंत्र उडवता येत नाही, याकडे आपण कटकट म्हणून बघतो. खरं तर हाच प्रश्न तिथे कुणीतरी विचारत असतं.

म्हणून घरी एवढं करा. इंजिन बंद, इग्निशन बंद. दांड्यापाशी केबल सोडा आणि कार्ब्युरेटरकडे बघा. तो उघडला की मिटला? त्या उत्तरावरून बाकीची मांडणी ठरवा. मूठ की दांडा, हे त्यानंतर.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.